हॉकीत गोलवर हिट कशी मारावी: आधी डावा पाय, मग जोर

‘जोरात मार!’ हॉकी शिकणाऱ्याला हा सल्ला जो तो देतो आणि त्याने शॉट बिघडतो. हिटला जोर दंडातून येत नाही. डावा पाय कुठे टेकला आणि त्या क्षणी चेंडू कुठे होता, यावर निम्म्याहून जास्त काम ठरलेलं असतं.

स्टिक साधारण कमरेपर्यंत येणारी घ्या. डावा हात टोकाला, उजवा खाली. तुम्ही डावखुरे असलात तरी हेच, कारण मैदानी हॉकीत स्टिकची चपटी बाजू एकाच अंगाला असते. चेंडू नेताना स्टिक डाव्या मनगटाने फिरवा, उजवी मूठ सैल ठेवा.

पुश सोपा आहे: दोन्ही हात एकमेकांपासून लांब, बॅकस्विंग (स्टिक मागे उचलणं) नाही, स्टिक चेंडूला चिकटवूनच ढकला.

हिटसाठी उजवा हात वर सरकवून डाव्याला भिडवा. दोन्ही हातांच्या अंगठा आणि तर्जनीमधल्या खाचा एका रेषेत आल्या पाहिजेत. इथपर्यंत सगळ्यांना जमतं.

आता डावा पाय. मला सर्वात जास्त छळलं ते याच पायरीने, म्हणून इथे घाई करू नका. डावा खांदा गोलकडे, शरीर आडवं, आणि स्टिक लागेल त्या क्षणी चेंडू डाव्या पावलाच्या रेषेत. चेंडू पावलापुढे राहिला तर उडतो. मागे राहिला तर स्टिक त्याला टर्फमध्ये दाबते आणि तो टप्पे खात जातो. पायाला फार जवळ असेल तर कोपरं अंगाशी अडकतात, मग कितीही ताकद लावा, उपयोग नाही. हात मोकळे सुटतील एवढं अंतर हवंच.

थांबलेल्या चेंडूवर हे लवकर बसतं. फसगत होते ती घरंगळत्या चेंडूवर, आणि सामन्यात चेंडू बहुतेक वेळा घरंगळतच असतो. चेंडू पुढे जात असेल तर पाऊल त्याच्या शेजारी नव्हे, थोडं पुढे टाका. स्टिक खाली येईपर्यंत तो पावलाशी पोचतो. किती पुढे, हे वेगावर अवलंबून आहे आणि ते सरावानेच कळतं. आधी स्टिकशिवाय, नुसतं पाऊल टाकून पाहा. मग स्टिकच्या चपट्या बाजूला खडू फासून हिट मारा. खडू हूकच्या, म्हणजे स्टिकच्या खालच्या वळलेल्या भागाच्या, टोकाला पुसला गेला असेल तर चेंडू लांब होता, दांड्याकडे पुसला गेला असेल तर जवळ.

नजर चेंडूवर. गोलकीपर कुठे आहे ते पाऊल टाकण्याआधी पाहून घ्या. ऐन वेळी मान वर केली की खांदा उघडतो आणि चेंडू डावीकडे ओढला जातो. वजन उजव्या पायावरून डाव्यावर येऊ द्या, फॉलो-थ्रू, म्हणजे हिटनंतर स्टिकचं पुढे जाणं, गोलच्या दिशेने.

आइस हॉकीचे व्हिडिओ पाहून स्लॅप शॉटची नक्कल करणाऱ्यांना मी ठामपणे अडवतो. तिथे स्टिक पकच्या (चेंडूऐवजी असलेल्या रबरी चकतीच्या) किंचित मागे बर्फावर आपटतात ते मुद्दाम. दांडा वाकतो आणि सरळ होताना पकला फेकतो. मैदानी हॉकीची स्टिक तशी वाकण्यासाठी बनवलेलीच नाही. चेंडूआधी टर्फला लागली की जोर तिथेच संपतो आणि झटका मनगटाला बसतो.

गोल ३.६६ मीटर रुंद आणि २.१४ मीटर उंच असतो. तरी हिटचा सराव गोलच्या तळाशी असलेल्या फळीवरच करा. पेनल्टी कॉर्नरला (बचाव करणाऱ्यांच्या चुकीबद्दल मिळणाऱ्या संधीत) गोलवरचा पहिला शॉट हिट असेल, तर गोलरेषा ओलांडताना चेंडू ४६० मिलिमीटरपेक्षा, म्हणजे त्या फळीच्या उंचीपेक्षा वर चालत नाही. खाली जाणारा चेंडू वाटेत दुसऱ्या खेळाडूच्या स्टिकला किंवा बचाव करणाऱ्याच्या अंगाला लागून वर उडाला असेल तरच सूट. चेंडू पावलापुढे ठेवून मारल्याने उडालेली हिट त्या उंचीवरून जाळ्यात गेली तरी तिथे गोल मिळत नाही.