मीटर शून्यावर तरी फोटो गंडतोय? एक्सपोजरच्या या चुका टाळा

कॅमेऱ्यातल्या मीटरचा, म्हणजे उजेड मोजणाऱ्या यंत्रणेचा, काटा बरोब्बर शून्यावर आणि तरी फोटो काळपट आलाय, असं झालं की लगेच कॅमेरा बिघडला असं समजू नका. मीटरला समोर काय आहे ते कळत नाही, तिकडून किती उजेड येतोय तेवढंच कळतं, आणि जे काही आहे ते सरासरी मधल्या करड्या शेडचं असणार असं धरून तो हिशोब करतो. म्हणूनच फ्रेमभर बर्फ असेल तर तो मळकट येतो आणि काळ्या कुत्र्याचा क्लोजअप काढला की कुत्रा राखाडी दिसतो. मॅट्रिक्स किंवा इव्हॅल्युएटिव्ह मोड (पूर्ण फ्रेमचे भाग करून मोजणारा) थोडं सांभाळून घेतो पण पूर्ण नाही. आता खरी चूक अशी की लोक नेमकं उलटं करतात, समोर पांढरं खूप आहे म्हणून एक्सपोजर (फोटोत घेतला जाणारा उजेड) अजून कमी करतात आणि मग बर्फ सिमेंटसारखा दिसायला लागतो. एक्सपोजर कॉम्पेन्सेशनमध्ये (मीटरच्या हिशोबापेक्षा फोटो उजळ किंवा गडद करायची सेटिंग) पांढऱ्याला प्लस, काळ्याला मायनस, हे एकदा पक्कं करा. बर्फाला +१ ते +२ स्टॉप, काळ्याला -१ पासून सुरुवात करा, आणि लक्षात घ्या की एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट नाहीतर निम्मा, त्यामुळे +२ म्हणजे चौपट झाला.

स्पॉट मीटरिंग चालू करून विसरणं ही दुसरी. तो फ्रेमचा साधारण १ ते ५ टक्के भागच मोजतो, त्यामुळे तो ठिपका चेहऱ्याऐवजी पांढऱ्या शर्टवर पडला की सगळा माणूस काळवंडतो. काही कॅमेऱ्यात हा ठिपका मधोमधच असतो, काहीत फोकस पॉइंटबरोबर सरकतो, आपल्या कॅमेऱ्यात काय आहे ते आधी बघून घ्या. चेहऱ्यावर मोजलं की एई लॉक (मोजलेलं एक्सपोजर धरून ठेवणारं बटण) दाबा आणि मगच फ्रेम हलवा, नाहीतर रीडिंग बदललंच. मला विचाराल तर रोजच्या फोटोंना स्पॉट लागत नाही, पाठीमागून उजेड असेल किंवा स्टेजवरचा कार्यक्रम असेल तेव्हा मात्र तो सोन्यासारखा आहे.

मॅन्युअल मोडमध्ये शटर बदलतोय पण फोटो तेवढाच उजळ येतोय? ऑटो आयएसओ चालू आहे, म्हणजे कॅमेरा उजेडाची संवेदनशीलता स्वतःच बदलून फरक भरून काढतोय, तो बंद करा. आणि कालचं कॉम्पेन्सेशन डायलवर तसंच राहिलंय का तेही बघा.

सगळ्यात जास्त घात करते ती मागची स्क्रीन. रात्री अंधारात ती इतकी उजळ वाटते की फोटो मस्त आलाय असं वाटतं आणि घरी कॉम्प्युटरवर सगळं काळंकुट्ट निघतं. हिस्टोग्राम (फोटोत डावीकडे गडद आणि उजवीकडे उजळ भाग किती ते दाखवणारा आलेख) बघायची सवय लावा, आणि साधा नाही, लाल-हिरवा-निळा वेगवेगळा दाखवणारा, कारण लालभडक फुलात लाल चॅनल कधीच उडालेला (मर्यादेबाहेर जाऊन तपशील गेलेला) असतो आणि साधा हिस्टोग्राम सगळं ठीक म्हणत असतो, मग पाकळ्यांवरच्या रेषा गायब. रॉमध्ये (सेन्सरचा कच्चा डेटा) काढत असाल तरी बहुतेक कॅमेऱ्यात हा हिस्टोग्राम जेपेगवरून (कॅमेऱ्याने प्रक्रिया केलेल्या फोटोवरून) बनतो, त्यामुळे उजवीकडे जरासा टेकला म्हणजे लगेच गेलंच असं नाही.

डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) ट्रायपॉडवर असेल आणि डोळा व्ह्यूफाइंडरला लावलेला नसेल तर मागून उजेड आत शिरून मीटर फसू शकतो, तेवढं आयपीस (डोळा लावायची खिडकी) झाकून घ्या.