रोपफिश टाकीतून पळत होता, त्यावर केलेला उपाय

आमच्याकडं लातूरला रोपफिश पाळणारे कमीच, म्हणून लिहितोय. हा खरा ईल (वाम) नाही बरं का, बिचिर नावाच्या माशांच्या घराण्यातला, पश्चिम आफ्रिकेतल्या संथ, गवताळ पाण्यातला मासा, दिसतो मात्र हुबेहूब सापासारखा. याला फुप्फुसं असतात, वर येऊन हवा घेतो, म्हणून पाणी काठोकाठ भरायचं नाही, वर दोन-तीन इंच मोकळी जागा पाहिजेच.

आता मेन प्रॉब्लेम, पळण्याचा. फिल्टरच्या पाईपशेजारी बोटभर फट जरी असली तरी रात्री तिथूनच बाहेर. काच ठेवून पूर्ण बंद केलं असतं, पण उन्हाळ्यात आपल्याकडं पाणी तापतं आणि वरून फॅनचा वारा लागतोच. मग खिडकीला लावतात ती डासांची बारीक जाळी घेतली, ॲल्युमिनियमच्या फ्रेममध्ये ताणून बसवली, चारी बाजूंनी क्लिपा लावल्या आणि पाईपभोवतीच्या फटीत स्पंज घट्ट कोंबला. वारा पण लागतो, मासा पण आत. तेव्हापासून एकदाही बाहेर आला नाही, लई समाधान वाटलं.

खाण्याचं म्हणाल तर नजर याची कमजोर, सगळं वासावर, त्यामुळं दिवसा टाकलेलं दुसरेच मासे फस्त करतात. लाईट बंद केल्यावर लांब चिमट्यानं गांडूळ नाहीतर सोललेल्या झिंग्याचा तुकडा थेट तोंडापुढं धरायचा. गप्पी, टेट्रा असले छोटे मासे सोबत ठेवू नका, तोंडात मावलं की गिळतो. खाली खडी नको, बारीक वाळू टाका.