लोणच्याचं तेल परदेशात पोचेपर्यंत बरणीतच राहावं म्हणून

मे महिन्यात नागपुरात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, आणि खोक्यातलं तेल उष्णतेने प्रसरण पावतं. पुढे विमानात हवेचा दाब कमी झाला की बाटलीत अडकलेली हवा झाकणाला आतून रेटते. जर्मनीतल्या भाच्याला पाठवलेल्या लोणच्याचं तेल असंच पापडांवर सांडलं होतं. त्याने फोटो पाठवला तेव्हा जीव हळहळला.

तेव्हापासून काच बंद. जाड प्लास्टिकची, फिरकीच्या झाकणाची बरणी घ्यायची आणि वरून दोन बोटं जागा रिकामी सोडायची. संत्र्याच्या सरबताची मऊ बाटली असेल तर झाकण लावताना ती किंचित दाबून धरा, म्हणजे आतली हवा निघून जाते. आट्यांवर नळाला लावतात ती पांढरी टेफ्लॉन टेप तीन-चार वेढे गुंडाळा, मग झाकण घट्ट आवळा. बाटली रात्रभर वर्तमानपत्रावर आडवी ठेवा. सकाळी कागदावर तेलाचा डाग दिसला, तर झाकण बदला.

नंतर बाटलीभोवती जुना सुती कपडा, त्यावर दोन पिशव्या, प्रत्येक वेगळी बांधलेली. खोकं हलवल्यावर आत काही हललं नाही पाहिजे.

अत्तर, नेलपॉलिश ज्वलनशील, ते साध्या पार्सलात घालू नका. युरोपियन युनियनमधल्या देशांत घरगुती पार्सलातून दुधाचे पदार्थ चालत नाहीत, म्हणून तूपही नको. कस्टमच्या फॉर्मवर नुसतं ‘खाऊ’ लिहू नका, प्रत्येक वस्तूचं नाव आणि वजन लिहा.