गुदमरलेल्या बाळाची किडनी: एनआयसीयूत नव्याने येणाऱ्या रेसिडेंटसाठी

जन्मल्यावर न रडलेलं बाळ एनआयसीयूत (नवजात अतिदक्षता विभागात) आलं की सगळ्यांचं लक्ष मेंदूकडे असतं. झटके येतायत का, टोन (स्नायूंचा ताण) कसा आहे, कूलिंग (मेंदू वाचवण्यासाठी शरीर थंड ठेवणं) करायचं का. ते बरोबरच आहे. पण ऑक्सिजन कमी पडला की शरीर मेंदू, हृदय आणि अ‍ॅड्रिनलकडे रक्त वळवतं, आणि किडनीचं रक्त आटतं. एचआयईचं (ऑक्सिजनअभावी मेंदूला झालेल्या इजेचं) स्टेजिंग तुम्हाला पाठ असेल, ते सोडते. जेआर-१ला (रेसिडेन्सीच्या पहिल्या वर्षी) मी ज्यात अडकले, तेवढंच नीट सांगते.

पहिल्या दिवशीचं क्रिएटिनिन (किडनी रक्तातून गाळून टाकते तो टाकाऊ पदार्थ) बाळाचं नसतं, आईचं असतं. आईचं ०.९ मिग्रॅ/डेली असेल तर बाळाचंही साधारण तेवढंच येतं. मग बाळाची किडनी कामाला लागते तसा आकडा उतरतो आणि पूर्ण दिवसांच्या बाळात एक-दोन आठवड्यांत ०.३-०.४ वर येतो. आता समजा, पहिल्या दिवशी ०.९ आणि चौथ्या दिवशीही ०.९. लॅबच्या कागदावर शेजारी बहुधा मोठ्या माणसांची मर्यादा छापलेली असते, त्यामुळे कुणाला काही खटकत नाही. केडिगोच्या (किडनीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक गटाच्या) क्रिएटिनिन निकषातही हे बसत नाही, कारण तिथे ४८ तासांत ०.३ ची वाढ किंवा आधीच्या सर्वांत कमी आकड्याच्या दीडपट लागते. तरीही या किडनीवर विश्वास ठेवू नका. जे उतरायला हवं होतं ते उतरलेलं नाही. एकटा आकडा वाचू नका. आईचा रिपोर्ट शोधा, बाळाचे सगळे आकडे तारखेसह एका ओळीत लिहा आणि राउंडला ती ओळ वाचून दाखवा. कावीळ वाढलेली असेल तर जाफे या मोजणीच्या पद्धतीत क्रिएटिनिन खोटं कमी येऊ शकतं, हेही ध्यानात असू द्या.

‘लघवी होतेय ना, मग किडनी ठीक आहे’ हे वाक्य हँडओव्हरमध्ये ऐकलं की सावध व्हा. गुदमरलेल्या बाळांत लघवी चांगली होत असतानाही किडनी निकामी झालेली असू शकते. ताशी किलोमागे २ मिली लघवी करणाऱ्या बाळाला आपण जेंटामायसिन हे अँटिबायोटिक नेहमीच्या अंतराने देत राहतो, ते साचतं आणि आधीच दुखावलेल्या किडनीला आणखी मारतं. पुढचा डोस लिहिण्याआधी क्रिएटिनिनची ओळ बघा. शक्य असेल तर ट्रफ लेव्हल (पुढच्या डोसच्या आधीची रक्तातली पातळी) पाठवा.

उलटही होतं. वॉर्मरखाली लंगोट वाळतो आणि लघवी कमी भरते, म्हणून लंगोटाचं लगेच वजन करा. पोटावर हात ठेवून मूत्राशय भरलेलं नाही ना, तेही बघा. रात्रपाळीच्या जुन्या सिस्टर यात आपल्यापेक्षा तरबेज असतात. त्यांना विचारा, मोकळेपणाने विचारा. माझ्या मते फ्लुइड काढून देणाऱ्या अ‍ॅपपेक्षा त्यांच्याकडून जास्त शिकता येतं.

लॅसिक्सचा (लघवी वाढवणाऱ्या औषधाचा) शॉर्टकट मला अजिबात मान्य नाही. चार्टवर लघवी दिसते, किडनी सुधारत नाही. लघवी खरोखरच कमी असेल आणि बाळ कोरडं वाटत नसेल, तर बोलसवर बोलस (एकदम दिलेलं फ्लुइड) देऊ नका: अदृश्य व्यय (त्वचेतून आणि श्वासातून जाणारं पाणी) अधिक झालेली लघवी, एवढंच फ्लुइड. लघवी सुरू होऊन पोटॅशियम कळेपर्यंत ड्रिपमध्ये पोटॅशियम नाही. सोडियम घसरलं तर आधी वजन बघा. पहिल्या तीन दिवसांत वजन वाढत असेल तर पाणी जास्त झालंय, मीठ कमी नाही.

घाबरून जाऊ नका. वेळेवर ओळखलं तर यातल्या बऱ्याच किडन्या सावरतात, अगदी थकलेल्या दिसणाऱ्याही. मात्र पोटॅशियम चढतंय, बाळ सुजतंय आणि लघवी बंद आहे, अशा वेळी सकाळच्या राउंडची वाट बघणं धोक्याचं आहे. रात्रीच सिनियरला उठवा. पेरिटोनियल डायलिसिस इतक्या लहान बाळातही होतो. आपल्याकडे सोय नसेल तर बाळ हलवण्याजोगं असतानाच हलवा. सरकारी रुग्णालयात जेएसएसके (जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम) योजनेत आजारी नवजाताचे उपचार आणि वाहतूक मोफत आहे, हे नातेवाइकांना तुम्हीच सांगा. खर्चाच्या भीतीने ते गप्प बसलेले असतात.

डिस्चार्ज कार्डावर शेवटचं क्रिएटिनिन तारखेसह लिहा. फॉलोअपला डोक्याचा घेर मोजाल तेव्हा योग्य मापाचा कफ लावून बीपीही घ्या आणि लघवीतलं प्रोटीन तपासा.