थंडीने फुटलेली पाण्याची लाइन: ठाणे-नवी मुंबईहून कॅलगरीला आलेल्यांसाठी

मी हे नौपाड्यात दादाच्या गॅलरीत बसून लिहितोय. मे महिना, सकाळची वेळ, खाली सोसायटीचा पंप चालू आहे. याच घरातून 19 वर्षांपूर्वी मी कॅनडातल्या कॅलगरीला गेलो. आता दादाचा मुलगा आणि सूनबाई तिथेच असतात. त्यांनी मार्चमध्ये जुना ट्रॅव्हल ट्रेलर घेतला, म्हणजे गाडीमागे ओढून न्यायचं चाकांवरचं घर: ओटा, सिंक, संडास, गिझर, सगळं आत. बॅन्फ, म्हणजे डोंगरातलं राष्ट्रीय उद्यान, जेमतेम सव्वाशे किलोमीटरवर, त्यामुळे आपल्याकडून आलेली बरीच मुलं दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी ट्रेलर घेतातच. आणि पहिल्याच मे महिन्यात त्यातली कितीतरी जण मला फोन करतात: काका, पाणी गळतंय.

परवा पुतण्याचाही आला. आमच्याकडे सकाळचे सात, त्याच्याकडे आदल्या संध्याकाळचे साडेसात, बाहेर अजून लख्ख उजेड. विकणाऱ्याने सांगितलं होतं की हिवाळ्याआधी पाणी काढून ठेवलंय. याने विश्वासाने टाकी भरली, पंप लावला, तर पंप थांबेचना आणि दाराखालून पाण्याची धार.

आपण ठाण्यात वाढलेली माणसं पावसाला आणि उन्हाला घाबरतो. थंडीने पाईप फुटतो हे ऐकून माहीत असतं, पण अंगात मुरलेलं नसतं. पाण्याचा बर्फ झाला की ते साधारण 9 टक्के फुगतं. नळ बंद असतो, मध्ये बर्फाचा बोळा तयार होतो आणि बोळा व नळ यांच्यात अडकलेल्या पाण्यावर प्रचंड दाब येतो. म्हणून बर्फ झाला एकीकडे आणि फुटलं दुसरीकडे, असं होतं. ट्रेलरमध्ये बहुतेक पेक्स पाईप, म्हणजे लवचिक प्लॅस्टिकचा पाईप, असतो. तो थोडा ताणतो आणि बऱ्याचदा वाचतो. तडा जातो तो प्लॅस्टिकच्या एल्बोला (काटकोनी जोडाला), नळाच्या आतल्या भागाला, संडासाच्या व्हॉल्व्हला, फिल्टरच्या भांड्याला, पंपाच्या डोक्याला. शोध तिथून सुरू करा, पाईपच्या मधल्या लांबीवर वेळ घालवू नका.

सगळ्यात आधी पंप बंद. आणि घराच्या नळाची होज चुकूनही जोडू नका. टाकीतलं पाणी मोजकं असतं, फार तर तेवढंच सांडेल. होजचं पाणी संपत नाही, तासाभरात फरशी भिजून जाते. मी पुतण्याला टाकीत फक्त 20 लिटर ठेवायला सांगितलं.

मग पंपाचं ऐका. सगळे नळ बंद असताना पंपाने दाब भरून, साधारण 45 ते 55 पीएसआयला (हे दाबाचं माप), गप्प बसायला हवं. अजिबात थांबत नसेल तर मोठी गळती आहे, किंवा पंप कुठूनतरी हवा ओढतोय. थांबून पाच-दहा मिनिटांनी पुन्हा टर्र करत असेल तर बारीक गळती. हा आवाज कानात बसवून घ्या, पुढे प्रत्येक दुरुस्तीनंतर तोच तुमचा पुरावा आहे. गिझरला बायपासचे कॉक असतात. ते फिरवून गिझर लाइनमधून बाजूला काढा, म्हणजे एक मोठा संशयित कमी होतो.

ओल दिसते तिथे गळती असते असं धरून चालू नका. पावसाळ्यात वरच्या मजल्याची मोरी गळते आणि ओल आपल्या बेडरूमच्या कोपऱ्यात उतरते, हे ठाण्यातल्या कुठल्याही जुन्या इमारतीत राहिलेल्याला माहीत आहे. ट्रेलरमध्ये हे आणखी फसवं असतं, कारण खाली पोटाला काळ्या प्लॅस्टिकचं आवरण असतं आणि पाणी त्यावरून वाहत उताराच्या टोकाला जाऊन पडतं. आवरण फुगून लोंबत असेल तर खाली बादली धरून ब्लेडने छोटी चीर द्या, पाणी काढा, नंतर चिकटपट्टीने बंद करा.

सूनबाईने पुढचं काम फार छान केलं. तिने सिंकखालची, पलंगाखालची, बाथरूममागची सगळी कपाटं रिकामी केली, प्रत्येक जोड कोरड्या फडक्याने पुसला आणि प्रत्येकाखाली कागदी टॉवेलचा एकेक तुकडा ठेवला. पुतण्याने पंप फक्त दहा सेकंद चालवला. मोबाइलच्या टॉर्चमध्ये मला इथे ठाण्यात बसून व्हिडिओ कॉलवर दिसलं: बाथरूममागच्या तुकड्यावर एक गोल डाग पसरत होता. दार होतं तिथून चांगलं दहा फूट लांब. वर बाहेरच्या शॉवरचा एल्बो, त्याला केसाएवढी चीर. बोट फिरवल्यावर नख अडकलं तेव्हा तिची खात्री पटली.

बाहेरचा शॉवर! पाणी काढताना लोक आतले सगळे नळ उघडतात आणि बाहेरच्या छोट्या झाकणामागे दोन नळ आहेत हे विसरतात. माझ्या पहिल्या ट्रेलरचाही तोच गेला होता.

जोड बदलणं अवघड नाही. इथे एक कळकळीची विनंती: एम-सील मळून लावू नका, टेप गुंडाळू नका. पंपाचा दाब दिवसातून शंभर वेळा चढतो-उतरतो, वरून लावलेलं काहीही त्यापुढे टिकत नाही. आणि आपल्या सीपीव्हीसी पाईपचं सोल्यूशन पेक्सवर चिकटत नाही, त्या सवयीने दुकानात जाऊ नका. लाइनमधलं पाणी खालच्या ड्रेनमधून काढा. फुटलेला भाग पाईपकटरने सरळ कापा, हॅकसॉने वाकडं कापलेलं टोक गळणारच. टोकाची बारीक कुसळं काढा, जोड किती आत जायला हवा त्याची मार्करने खूण करा, बहुधा इंचभर, आणि दाबून बसवायचं फिटिंग खुणेपर्यंत ढकला. थोडं ओढून बघा. अशी फिटिंग महाग पडतात, पण अरुंद कपाटात क्रिंपचं, म्हणजे धातूची रिंग आवळून बसवायचं, अवजार फिरवायला जागाच नसते. जागा असेल तिथे तांब्याची रिंग क्रिंप करून, गेजने तपासून लावा. मला तीच जास्त भरवशाची वाटते. ट्रेलर 1995च्या आधीचा असेल आणि पाईप राखाडी रंगाचा असेल तर तो पेक्स नसून पॉलीब्युटिलीन या जुन्या प्लॅस्टिकचा असण्याची शक्यता मोठी. त्याला वेगळे, त्याच्यासाठीच बनवलेले जोड लागतात.

एल्बो बदलल्यावर पुतण्या खूश होऊन सामान आवरायला लागला. मी थांबवलं. एका थंडीत एकच जोड फुटतो असं क्वचितच होतं. पंप लावला तर कागद सगळे कोरडे आणि पंप तरीही अडखळत चालतोय. पंपाआधीच्या गाळणीचं पारदर्शक भांडं तडकलं होतं. ते ओढण्याच्या बाजूला असतं, म्हणून तिथून पाणी फारसं गळत नाही, हवा आत जाते. भांडं दुसऱ्या दिवशी मिळालं. बसवलं, नळांतली हवा काढली, पंपाने दाब भरला आणि थांबला. सूनबाईने घड्याळ लावून अर्धा तास वाट बघितली. एकदाही टर्र नाही.

यानंतर दोन-तीन दिवस फरशी उघडी ठेवून पंखा लावा. कॅलगरीची हवा कोरडी आहे, वाळतं लवकर. पण झाकून ठेवलंत तर खालचं लाकूड कुजतं.

आता पुढच्या हिवाळ्याचं. आमच्या घरी ठरलेलं आहे: गणपती विसर्जनानंतर येणाऱ्या पहिल्या शनिवारी ट्रेलरचं पाणी काढायचं. तिथे सप्टेंबरमध्येच रात्री पारा शून्याखाली जाऊ शकतो, ऑक्टोबरची वाट बघू नका. टाकी, गिझर थंड झाल्यावर तो, आणि खालचे ड्रेन रिकामे करा. फिल्टर काढा, गिझर बायपास करा. मग पंपाला गुलाबी अँटीफ्रीझ, म्हणजे थंडीत सहज न गोठणारं द्रव, ओढायला लावा, आणि थंड-गरम प्रत्येक नळ, संडास, बाहेरचा शॉवर गुलाबी येईपर्यंत उघडा. सिंकच्या आणि शॉवरच्या ट्रॅपमध्येही, म्हणजे खालच्या पाणी साठून राहणाऱ्या वाकड्या पाईपमध्ये, कपभर ओता. दोन-तीन गॅलन पुरतं. ट्रेलरसाठीचंच घ्या, प्रॉपिलीन ग्लायकॉलचं. गाडीच्या इंजिनात घालतात ते एथिलीन ग्लायकॉल विषारी असतं, पिण्याच्या लाइनमध्ये ते कधीही नको. काही जण नुसती कॉम्प्रेसरची हवा मारतात, पण खोलगट जागी आणि पंपात पाणी राहून जातं. मी गुलाबीवरच विसंबतो.

आणि जुना ट्रेलर घेताना विकणाऱ्याला सिंकचा नळ उघडून दाखवायला सांगा. गुलाबी थेंब आला तर निदान त्या नळापर्यंत काम झालंय हे दिसतं. नंतर बाहेरच्या शॉवरचं झाकण स्वतः उघडा.