जुन्या सिनेमांचे आपले पुरस्कार: विभाग, मतदान आणि गच्चीवरचा सोहळा

हिंदी चित्रपटांच्या फिल्मफेअर पुरस्कारांचा पहिला सोहळा 21 मार्च 1954 रोजी मुंबईत मेट्रो सिनेमात झाला. तेव्हा पुरस्कार अवघे पाच होते: चित्रपट, दिग्दर्शक, नायक, नायिका आणि संगीतकार. सहाय्यक भूमिकांचे पुरस्कार पुढच्या वर्षी आले. सहाय्यक अभिनेत्रीचा पहिला मान उषा किरण यांना 'बादबान'साठी मिळाला. विनोदी भूमिकेला स्वतंत्र पुरस्कार मिळायला 1967 उजाडलं. महाराष्ट्र शासनाचे चित्रपट पुरस्कारही साठच्या दशकातलेच. म्हणजे 1932 च्या 'अयोध्येचा राजा'पासून पुढची वीसेक वर्षं पडद्यावर जी मोठमोठी कामं झाली, त्यांच्या वाट्याला यातलं काहीच आलं नाही. सोसायटीत, वाचनालयात किंवा मित्रमंडळात पर्यायी पुरस्कार करायचे ते अशा राहून गेलेल्यांसाठी. नायक-नायिकांनाच पुन्हा हार घालायचे असतील तर एवढा खटाटोप करू नका.

विभाग कसे ठरवावेत

सोहळा जमणार की फसणार हे इथेच ठरतं, म्हणून सगळ्यात जास्त वेळ विभागांना द्या. 'सर्वोत्कृष्ट अभिनय' असा विभाग ठेवला की लोक आवडत्या नटाला मत देतात, कामाला नाही. विभागाच्या नावात पडद्यावर दिसणारी नेमकी गोष्ट हवी. 'सर्वोत्कृष्ट घरमालक' हा विभाग घ्या. मुंबईत भाड्याच्या खोलीत राहिलेल्या कुणालाही तो समजावून सांगावा लागत नाही. 'अनाडी'तल्या (1959) मिसेस डिसा म्हणजे ललिता पवार, 'अशी ही बनवाबनवी'तले (1988) सुधीर जोशी आणि त्याच चित्रपटातल्या लीलाबाई काळभोर म्हणजे नयनतारा एका रांगेत बसले की तुलनेला खरी मजा येते, कारण तिघांचं काम एकाच मापानं मोजता येतं.

आणखी काही विभाग हमखास चालतात. 'दहा मिनिटांपेक्षा कमी वेळ पडद्यावर' हा ठेवाच, पण घड्याळ लावून वेळ मोजा. आठवणीत छोटी वाटणारी भूमिका प्रत्यक्षात पंचवीस मिनिटांची निघते आणि ऐन वेळी वाद होतो. 'ओळखीच्या नटाची दुसरी बाजू' या विभागात 'सिंहासन'मधले (1979) निळू फुले यावेत. एरवी खलनायक म्हणून लक्षात राहिलेला हा माणूस तिथे पत्रकार दिगू टिपणीस झाला आहे. बराच वेळ तो नुसता बघतो आणि ऐकतो, आणि ते ऐकणंच अभिनय आहे. 'पुरस्कारांच्या आधीचं काम' यात 'संत तुकाराम'मधली (1936) आवली, म्हणजे गौरी, आलीच पाहिजे. चित्रपटाचा 1937 मध्ये व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात गौरव झाला, पण संसार ओढता ओढता विठोबालाही खडे बोल सुनावणाऱ्या त्या बाईच्या नावावर वेगळा पुरस्कार नाही.

एकच प्रकारची भूमिका आयुष्यभर करणाऱ्यांसाठी निराळा विभाग करा. जगदीश राज यांनी 144 चित्रपटांत पोलीस अधिकारी रंगवला आणि त्याची नोंद गिनीजमध्ये झाली. एखाद्या प्रसंगावरून निवड करणाऱ्या विभागात अशा नटावर अन्याय होतो. तिथे पूर्ण कारकीर्दच समोर ठेवायला हवी.

'सर्वात वाईट अभिनय' छापाचे विभाग टाळा. त्या संध्याकाळी कोणाचं कौतुक करायला जमलो आहोत तेच मग विसरलं जातं. एकूण आठ विभाग पुरे आणि प्रत्येकात फार तर चार नामांकनं.

नामांकन आणि पडताळणी

नामांकनाच्या अर्जात पाच रकाने हवेत: नट, चित्रपट, साल, प्रसंग, आणि प्रसंग कितव्या मिनिटाला सुरू होतो. शेवटच्या रकान्यामुळे लोक चित्रपट खरोखर पुन्हा बघतात. मात्र टीव्हीवरची, डीव्हीडीवरची आणि यूट्यूबवरची प्रत बऱ्याचदा वेगवेगळ्या लांबीची असते, गाणी कापलेली असतात. म्हणून मिनिटासोबत प्रसंगातलं पहिलं वाक्यही लिहून घ्या, नाहीतर क्लिप शोधण्यात रात्री जातील.

नावांचे घोटाळे ठरलेले. सुलोचना म्हटलं की कुणाला मूकपटांतल्या रूबी मायर्स आठवतात, कुणाला सुलोचना लाटकर, तर कुणाला लावणी गाणाऱ्या सुलोचना चव्हाण. राजा परांजपे आणि राजा गोसावी यांचीही अदलाबदल होते. चित्रपटाच्या श्रेयनामावलीवर प्रत थांबवून नाव वाचा. इंटरनेटवरच्या याद्या एकमेकींच्या चुका उतरवतात, त्यांच्यावर विसंबू नका.

प्रभात फिल्म कंपनीच्या काळातला आणखी एक पेच आधीच सोडवून ठेवा. 'कुंकू' आणि 'दुनिया ना माने', 'माणूस' आणि 'आदमी' हे चित्रपट दोन्ही भाषांत झाले. नामांकन एकाच आवृत्तीचं धरायचं, आणि क्लिपही त्याच आवृत्तीची लावायची.

मतदान

व्हॉट्सअॅपच्या पोलवर मतदान घेऊ नका. कुणी कुणाला मत दिलं ते ग्रुपवर दिसतं, आकडे चढताना दिसले की मागचे लोक त्याच बाजूला जातात, आणि शेजाऱ्याचं मन राखायला मत दिलं जातं. कागदी मतपत्रिका सर्वात चांगली. तेही 'एकाला एक मत' असं नको, क्रम लावून घ्या: पहिल्या पसंतीला 3 गुण, दुसरीला 2, तिसरीला 1.

फरक आकड्यांतून दिसतो. समजा 24 मतदार आणि तीन नामांकनं आहेत. पहिल्या नटाला 10 जणांनी पहिली पसंती दिली, पण उरलेल्या 14 जणांनी त्याला तिसरं ठेवलं. गुण झाले 44. दुसऱ्याला पहिली पसंती 8, दुसरी 12 आणि तिसरी 4. त्याचे गुण 52. साध्या मतांवर पहिला जिंकला असता, आणि निम्म्याहून जास्त लोकांनी शेवटी ठेवलेला नट मंचावर गेला असता. बरोबरी झाली तर पहिल्या पसंतीची मतं बघा. तीही सारखी असतील तर पुरस्कार दोघांना द्या.

दोन नियम आधी जाहीर करा. एका नटाचं एका विभागात एकच नामांकन, नाहीतर त्याची मतं त्याच्यातच फुटतात. आणि ज्या विभागातल्या सगळ्या क्लिप पाहिल्या असतील त्याच विभागात मत.

क्लिप

क्लिप दीड मिनिटाची असावी. हशा किंवा टाळी घेणाऱ्या वाक्यापासून ती कधीच सुरू करू नका. त्याच्या वीस-पंचवीस सेकंद आधीपासून घ्या, म्हणजे नट तिथवर कसा पोहोचतो ते दिसतं. शेवटी समोरच्या नटाची प्रतिक्रिया संपेपर्यंत थांबा. वाक्य संपलं की कापलेली क्लिप अर्ध्याहून जास्त अभिनय फेकून देते, कारण जुन्या विनोदी नटांची गंमत पुष्कळदा वाक्यानंतरच्या शांततेत असते.

पन्नासच्या दशकाच्या मध्यापर्यंतचे चित्रपट जवळजवळ चौकोनी चौकटीचे आहेत. आजचा टीव्ही किंवा प्रोजेक्टर ते ताणून रुंद पडदा भरतो आणि सगळ्यांचे चेहरे चपटे होतात. सेटिंगमध्ये 4:3 किंवा 'ओरिजिनल' निवडा. दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहू द्या. 'झूम'ही नको, त्यात कपाळ आणि हनुवटी कापली जाते. हालचाल गुळगुळीत करणारी टीव्हीची सोय बंद करा. प्रत्येक क्लिपचा आवाज वेगळ्या पातळीवर असतो, तो संपादन करतानाच एकसारखा करून घ्या. सगळ्या फाइली एमपी4 करून पेनड्राइव्हवर ठेवा, क्रमाने 01, 02 अशी नावं द्या. गच्चीवरच्या वायफायच्या भरवशावर राहू नका.

हक्कांचं थोडक्यात. आपल्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रपटावरचा हक्क प्रदर्शनानंतरच्या कॅलेंडर वर्षापासून 60 वर्षं चालतो. 1965 चा चित्रपट 1 जानेवारी 2026 पासून खुला. गीत आणि संगीताचे हक्क मात्र वेगळे मोजले जातात. त्याहून नवा चित्रपट पूर्ण दाखवायचा असेल तर हक्कधारकाची परवानगी काढा. तिकीट लावू नका आणि क्लिपचं संकलन नेटवर चढवू नका.

गच्ची, वेळ, ढाली

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ घ्या. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, सातला प्रोजेक्टर नीट दिसतो. उजेड असताना सुरू केलं तर कृष्णधवल चित्रातल्या सावल्याच नाहीशा होतात. गच्चीवर लाऊडस्पीकर लावायचा तर पोलीस ठाण्याची लेखी परवानगी आधी घ्या, आणि रात्री 10 ला तो बंद झालाच पाहिजे. एका विभागाला नऊ मिनिटं धरा: मिनिटभर ओळख, सहा मिनिटं चार क्लिप, मिनिटभर मानपत्र, मिनिटभर पुरस्कार. आठ विभागांचे 72 मिनिटं होतात. चहा-वड्याला वीस मिनिटं धरली तरी नऊच्या आत आटपतं, आणि मध्ये कुणी एखादं गाणं म्हणायलाही जागा राहते. छोट्या भूमिकांपासून सुरुवात करून कारकिर्दीचा विभाग शेवटी ठेवा.

ढाली आणि स्मृतिचिन्हं मुंबईत धोबी तलावाला, मेट्रो सिनेमाच्या आसपासच्या खेळसाहित्याच्या दुकानांत मिळतात. खरी अडचण पट्टीवरच्या मजकुराची असते. व्हॉट्सअॅपवर टाइप करून पाठवलेलं मराठी नाव कोरणाऱ्याच्या संगणकावर उघडलं की जोडाक्षरं तुटतात, 'श्री' फुटतो, रफार शेजारच्या अक्षरावर जातो आणि र्‍हस्व वेलांटी अक्षराच्या पुढे पडते. म्हणून मजकुराची पीडीएफ द्या, त्यातला फॉन्ट आकृतीत बदलून घ्या (म्हणजे अक्षरं चित्रासारखी पक्की होतात), आणि कोरण्याआधी पडद्यावर स्वतः अक्षर न् अक्षर वाचा. तीन इंची पट्टीवर दोन ओळी बसतात: नट आणि भूमिका पहिल्या ओळीत, चित्रपट आणि साल दुसरीत. मंडळाचं नाव मागच्या बाजूला.

नट हयात नसेल तर पुरस्कार कुणी घ्यायचा, हा प्रश्न येतोच. नामांकन पाठवणाऱ्याने मंचावर येऊन पंचवीस-तीस शब्दांचं मानपत्र वाचावं. त्यात विशेषणं नकोत, नटाने काय केलं ते हवं: हात कुठे थांबला, आवाज कधी खाली आला. ढाल सोसायटीच्या कार्यालयात किंवा वाचनालयात, नाव दिसेल अशी लावा.

मतपत्रिका आणि क्लिपचं फोल्डर दोन वेगळ्या ड्राइव्हवर जपून ठेवा. ज्या नटाला यंदा पुरस्कार मिळाला त्याला त्याच विभागात पुढची तीन वर्षं नामांकन नाही, हा नियम मतपत्रिकेच्या मागेच छापा.