सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीचं काम: काय घ्यावं, कसं करावं

मुंबईत घरचं गॅरेज म्हणजे बहुतेकांसाठी स्टिल्टखालची, म्हणजे खांबांवर उभ्या इमारतीच्या तळातली, एका गाडीची जागा. तिथे कपाट ठोकता येत नाही आणि कॉमन मीटरवर वायर टाकली तर सेक्रेटरी लगेच दारात. तेव्हा लिफ्टने दोन खेपांत वर नेता येईल इतकंच सामान घ्या आणि दिवा चार्जिंगचा ठेवा.

नागदेवी स्ट्रीटला गेल्यावर शंभर नगांच्या चकचकीत सेटच्या नादी लागू नका, त्यातल्या निम्म्या गोट्यांना (नट-बोल्टवर बसणाऱ्या सॉकेटना) कधी हात लागत नाही. 8 ते 19 नंबरचे पाने, अर्ध्या इंची ड्राइव्हचा गोटी सेट, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर आणि मल्टिमीटर एवढ्यात सुरुवात होते. गोट्या सहा कोनी घ्या. खाऱ्या हवेने गंजलेल्या बोल्टवर बारा कोनी गोटी घसरते आणि कोपरे गोल होतात. छोट्या गाडीसाठी टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या जोरानेच बोल्ट आवळणारा पाना, साधारण 20 ते 110 न्यूटन मीटरचा घ्या. मोठ्या रेंचला ड्रेन बोल्टचा (इंजिनच्या तळाच्या, ऑइल सोडायच्या बोल्टचा) कमी टॉर्क नीट लावता येत नाही. पाने जुन्या बाजारातले चालतील, जॅक मात्र नवाच.

जॅक आणि घोड्या (उचललेली गाडी टेकवायचे लोखंडी स्टँड) यांवर पैसे वाचवायचे नाहीत. दोन टनी ट्रॉली जॅक आणि घोड्यांची जोडी लागतेच, कारण जॅक फक्त उचलायला असतो. त्याचं सील कधीही बसू शकतं. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली अंग घालायचं नाही. सिमेंटचे ब्लॉकही नकोत, ते इशारा न देता फुटतात.

जागा सपाट बघा. स्टिल्टच्या लादीला बऱ्याचदा गटाराकडे उतार असतो. पेव्हर ब्लॉक असतील तर जॅक आणि घोडी दोन्हींखाली 18 मिमी प्लायचा फूटभर तुकडा ठेवा, नाहीतर ब्लॉक खचून घोडी तिरकी होते. हँडब्रेक ओढा, गाडी पहिल्या गिअरमध्ये टाका, मागच्या चाकांना अडण लावा. चाक काढायचं असेल तर नट जमिनीवरच अर्धा फेरा सैल करा, मग उचला. इथे नवखे अडतात: सिलच्या, म्हणजे दाराखालच्या पट्टीच्या, खाचेत जॅक लावला की घोडीला जागाच उरत नाही. मॅन्युअलमध्ये पुढच्या क्रॉसमेंबरवर (गाडीखालच्या आडव्या दांडीवर) जॅक लावायची जागा दिली असेल तर तिथून उचला आणि घोड्या खाचांखाली ठेवा. गाडी घोड्यांवर टेकवून हाताने हलवून बघा. काढलेलं चाक सिलखाली सरकवून ठेवा.

पहिलं काम ऑइल बदलायचं घ्या. इंजिन पाच मिनिटं चालवा. कोमट ऑइल घाण घेऊन बाहेर येतं. ड्रेन बोल्ट काढून पंधरा मिनिटं निथळू द्या. वायसर नवा टाका आणि बोल्ट आधी बोटांनीच फिरवा. सुरुवातीलाच पाना लावला की आटे जातात आणि चेंबरचा (इंजिनखालच्या ऑइलच्या तसराळ्याचा) खर्च येतो. जुना ऑइल फिल्टर काढल्यावर त्याचं रबर इंजिनला चिकटून राहिलं नाही ना ते बघा. दोन रबरं एकावर एक बसली तर इंजिन चालू होताच सगळं ऑइल लादीवर येतं. नव्या रबरावर ऑइलचं बोट फिरवा, फिल्टर टेकला की हातानेच पाऊण फेरा आवळा. लहान पेट्रोल गाडीला साधारण तीन ते साडेतीन लिटर लागतं, पण एकदम ओतू नका, डिपस्टिक (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) बघत भरा.

काळं ऑइल नव्या ऑइलच्या रिकाम्या कॅनमध्ये भरून ओळखीच्या गॅरेजच्या ड्रममध्ये द्या. पावसाळी गटारात टाकलेलं थेट खाडीत नाहीतर समुद्रात जातं.

पावसाळ्यात पाने कोरडे पुसून ऑइलचा हात फिरवा आणि सिलिका जेलच्या पुड्या टाकून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. टॉर्क रेंच सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवायचा. ब्रेक ऑइलची बाटली एकदा फोडली की उरलेलं पुढच्या वेळेसाठी राखू नका. ते हवेतलं पाणी ओढतं आणि जुलैत इथे हवेत पाण्याला तोटा नसतो.